काळा पट्टा आणि माझा हात

सोनोग्राफीच्या पडद्यावर डावीकडे काळा पट्टा परत आला. डॉक्टर सबनीसांनी हातातला प्रोब थोडा फिरवला, दाबला, पुन्हा फिरवला. पट्टा हलला, पण गेला नाही. चित्रावरून कोणी शाईचं बोट ओढावं तसा वरपासून खालपर्यंत.

"शालनबाई," डॉक्टर माझ्याकडे न बघता म्हणाले, "हा प्रोब कधी हातातून पडला होता का?"

"नाही, साहेब."

"नक्की?"

"नाही पडला."

टेबलावर बाई झोपलेली होती, तिच्यासमोर जास्त बोलणं बरं नव्हतं. डॉक्टरांनी रिपोर्टवर इंग्रजीत काहीतरी लिहिलं आणि तिला आठ दिवसांनी परत यायला सांगितलं.

"का? काय दिसलं?" तिने विचारलं.

"काही दिसलं म्हणून नाही. नीट दिसलं नाही म्हणून."

यातला फरक तिला कळला नाही. तिला उठवताना तिचे हात गार लागले.

त्या महिन्यात असं झालेली ती पाचवी की सहावी बाई होती.

वाशीच्या एका सोनोग्राफी सेंटरमध्ये मी अटेंडंट होते. नव्वदचं दशक तेव्हा निम्मं सरलं होतं. माझं शिक्षण चौथी. नवरा गेल्यावर ओळखीतून ही नोकरी मिळाली. सेंटरमध्ये आम्ही तिघंच: डॉक्टर, काउंटरवरची मनीषा आणि मी. मनीषा जुईनगरहून यायची. तेवीस-चोवीसची, एका मुलाची आई, तोंडाने फटकळ. ती बाहेर उजेडात आणि मी आत अंधारात, अशी वाटणी होती. पडदा नीट दिसावा म्हणून सोनोग्राफीच्या खोलीत दिवा मंद ठेवतात. दिवसभर मी तीनच वाक्यं बोलायची. आत या. कपडा वर घ्या. आता पुसून घ्या. संध्याकाळी कोपरखैरण्याला खोलीवर गेल्यावर तीही नाहीत.

ज्यांनी हे मशीन पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. सोनोग्राफी म्हणजे फोटो नव्हे. प्रोब नावाचा एक दांडा असतो, त्यातून आवाज निघतो. आपल्याला ऐकू येत नाही इतका बारीक आवाज. तो शरीरात शिरतो, आत कशावर तरी आपटतो आणि परत येतो. आवाज पाठवल्यापासून परत यायला किती वेळ लागला ते मशीन मोजतं. लवकर आला तर वस्तू जवळ, उशिरा आला तर लांब. जोरात आला तर पडद्यावर पांढरं, हळू आला तर राखाडी, आलाच नाही तर काळं. असे हजारो ठिपके एका क्षणात मांडून चित्र होतं.

पाण्यातून हा आवाज सरळ जातो, अडत नाही. म्हणून लघवीची पिशवी पडद्यावर काळी दिसते. पोटावरून तपासायचं असेल तर ती भरलेली लागते. भरली की गॅसने फुगलेली आतडी बाजूला होतात आणि पिशवीच्या पाण्यातून पलीकडचं गर्भाशय दिसतं. बाहेरच्या बाकावर बायकांना पाणी पाजून बसवणं हे माझं काम. "झालं हो मावशी, आता फुटेन," असं कोणी म्हणालं की ओळखायचं, झाली तयार.

मग नवीन प्रोब आला.

हा अंगठ्याएवढा जाड आणि लांबट. पोटावरून नाही, आतून तपासायचा. दिवस थोडे असले की गर्भ पोटावरून धड दिसत नाही, म्हणून हा. यासाठी लघवीची पिशवी उलट रिकामी लागते. आणि प्रत्येक बाईला वापरताना यावर रबराचं कव्हर चढवावं लागतं. ते कव्हर काय असतं हे मी इथे लिहीत नाही. कुटुंबनियोजनाच्या जाहिरातीत असतं तेच. तेव्हा आमच्याकडे तेच वापरायचे.

मशीन कंपनीचा इंजिनियर नाईक म्हणून होता, डोंबिवलीचा. प्रोब द्यायला तो आला तेव्हा डॉक्टरांनी मलाही आत बोलावलं. "शालनबाई, हे रोज तुम्हाला तयार करायचंय. बघून घ्या." नाईकाने खिशातून रुमाल काढावा तितक्या सहज त्या कव्हरचं पाकीट काढलं आणि दातांनी फाडलं. मी भिंतीकडे तोंड केलं. भिंतीवर औषधकंपनीचं कॅलेंडर होतं. मी त्यातल्या तारखा वाचत उभी राहिले. पाठीमागे नाईक डॉक्टरांशी इंग्रजीत बोलत होता. डॉक्टर "हं, हं" करत होते. मग नाईक म्हणाला, "समजलं ना ताई?"

मी वळले. प्रोबवर कव्हर चढलेलं होतं आणि त्याच्या टोकावर जेली चमकत होती.

"समजलं," मी म्हणाले.

त्या दिवसापासून मी प्रोब तयार करू लागले. कपाटाकडे तोंड, सगळ्यांकडे पाठ. पाकीट फाडायचं, कव्हर चढवायचं, वरून जेली लावायची, डॉक्टरांच्या हातात द्यायचं. डॉक्टरही तेवढा वेळ रिपोर्टमध्ये डोकं घालून बसायचे. कोणी कोणाकडे बघायचं नाही, हे न बोलता ठरून गेलं.

आणि काळा पट्टा सुरू झाला.

तो रोज येत नव्हता. सकाळची पहिली बाई बहुतेक वेळा स्वच्छ दिसायची. दुसरी-तिसरी आली की पट्टा. कधी डावीकडे, कधी उजवीकडे, कधी मधोमध. डॉक्टरांना वाटलं, प्रोबमधले स्फटिक तडकले असतील. त्या टोकात बारीक बारीक स्फटिक ओळीने बसवलेले असतात. विजेने ते थरथरतात आणि त्यांच्यातून आवाज निघतो. प्रोब पडला की काही स्फटिक मरतात, आणि तेवढ्या भागाचं चित्र काळं होतं. म्हणून मला तो प्रश्न.

नाईक परत आला. त्याने प्रोब उघडाच घेतला, कव्हर नाही. स्टीलच्या वाडग्यात पाणी मागितलं. प्रोबचं टोक पाण्यात धरलं आणि पडद्याकडे बघितलं.

"सर, एक नंबर चालतोय. पट्टाबिट्टा काही नाही."

"पेशंटवर येतो हो."

"पेशंटवर येतो तर पेशंटला विचारा," नाईक हसला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, बोट घाला पाण्यात."

मी डॉक्टरांकडे बघितलं. ते फोन घ्यायला बाहेर निघाले होते. मी बोट घातलं. पडद्यावर एक पांढरी रेघ आली आणि तिच्यामागे काळी सावली.

"हे तुमचं हाड. आवाज हाडावर आपटून सगळा मागे फिरला, पलीकडे गेलाच नाही, म्हणून मागे काळोख."

इतकी वर्षं मी त्या पडद्यावर लोकांची मुलं, मुतखडे, यकृतं बघत आले होते. माझं त्यावर काही दिसण्याची ही पहिली वेळ. मी बोट हलवलं. रेघ हलली.

मला धीर आला. मी विचारलं, "जुना प्रोब असताना हा कशाला लागतो?"

"जुना साडेतीनचा आहे. म्हणजे सेकंदाला पस्तीस लाख थरथरी. हा साडेसहाचा, पासष्ट लाख. आवाज जितका बारीक तितकं चित्र रेखीव. पण बारीक आवाज लवकर दमतो, खोल पोचत नाही. म्हणून याला वस्तूच्या जवळ न्यावं लागतं." त्याने प्रोब पाण्याबाहेर काढला. पडदा विझल्यासारखा झाला, वरच्या कडेला दोन-चार रेघा तेवढ्या राहिल्या. "बघा. हवेत काही नाही."

"हवेतून आवाज जात नाही?"

"तुमचा-माझा जातो. हा नाही. याला हवा म्हणजे भिंत. केसाएवढी फट असली तरी तिथूनच माघारी. म्हणून तर जेली. जेली म्हणजे काय, जागेवर थांबणारं पाणी. मधे हवा राहू नये म्हणून."

त्याने प्रोब पुसला, चहा प्यायला आणि गेला. सगळी मिळून दहा मिनिटं झाली असतील. पण कोणी माझ्याशी सलग दहा मिनिटं बोलावं, आणि मी त्यात दोन प्रश्न विचारावेत, असं त्याआधी कधी झालं होतं ते मला आठवेना. त्या रात्री मी ते सगळं मनात परत परत ऐकलं. ऐकलं, पण जिथे लावायला हवं होतं तिथे लावलं नाही.

दुसऱ्याच दिवशी पट्टा आला.

मग मला ताप भरला आणि मी दोन दिवस घरी राहिले. तिसऱ्या दिवशी कामावर गेले तर मनीषा काउंटरवरूनच ओरडली, "ताई, दोन दिवस एकदम क्लिअर! सरांनी स्वतःच तयार केला प्रोब. जाम खूश होते."

"बरं झालं," मी म्हणाले.

त्या दिवशी मी प्रोब तयार केला. दुसऱ्या बाईला पट्टा.

जेवणाच्या सुट्टीत मनीषा डबा घेऊन माझ्याजवळ येऊन बसली. एरवी ती बसत नसे.

"ताई, एक बोलू? राग नका मानू."

"बोल."

"पोटुशी बायकांचं काम आहे ना हे. त्यांच्या सासवा विचारतात मला. आतली बाई कोण, सवाशीण आहे का, तिला मुलं किती."

"मग तू काय सांगतेस?"

"मी काय सांगणार? विषय बदलते." तिने भाजीत चमचा फिरवला. "पण तुमी नव्हता तेव्हा दोन दिवस नीट चाललं, हे सरांच्या पण लक्षात आलंय. मी आपलं सांगितलं."

मी डबा बंद केला. मला मूल नव्हतं, नवरा नव्हता. आमच्या मजल्यावर कोणाचं डोहाळजेवण असलं की मला बोलावणं येत नसे. त्यांना माझ्या तोंडावर नाही म्हणायला लागू नये म्हणून मीच त्या दिवशी दार लावून बसायची. बाहेरून गाण्यांचा आणि बांगड्यांचा आवाज येई. याची मला सवय होती. पण सेंटरमध्ये आजवर माझे हात फक्त हात होते. जेली लावणारे, पुसणारे, उठवायला आधार देणारे. तिथेही आता हे आलं.

संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, "शालनबाई, थोडे दिवस तुम्ही बाहेरचं बघा. प्रोबचं मी बघतो."

त्यांनी कारण सांगितलं नाही. मी विचारलं नाही. डॉक्टर अशा गोष्टी मानणारे नव्हते हे मला माहीत आहे. पण मला बाहेर ठेवल्यावर पट्टा आला नाही, हेही खरं. आठवडाभर चित्र आरशासारखं. मी पॅसेजमध्ये स्टुलावर बसायची, पाणी पाजायची, फरशी पुसायची. आत या, कपडा वर घ्या, हे आता मनीषा मधूनमधून आत जाऊन म्हणायची. हे असंच चाललं तर मला उद्या कोणी काढायचीही गरज नव्हती. बाहेरच्या कामाला अर्ध्या दिवसाची बाई पुरली असती. आणि ती नोकरी गेली असती तर माझ्याशी दिवसातून तीन वाक्यं बोलायलाही कोणी उरलं नसतं.

खरं सांगायचं तर मलाही वाटायला लागलं होतं की माझ्या हातातच काही आहे. पुरावाच तसा होता. मी असले की पट्टा, नसले की नाही.

रविवारी मोरी तुंबली. मी कपडे धूत होते. मोरीच्या भोकात हात घालायचा म्हणून दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या घेतल्या आणि दोन्ही हातांना चढवल्या. डावा हात पदराला पुसलेला होता, उजवा ओला तसाच होता. मोरी मोकळी झाली. मग हात वर केले तेव्हा दिसलं. उजव्या हाताला पिशवी कातडीसारखी चिकटली होती. नखं, बोटांच्या रेषा, सगळं आरपार दिसत होतं. डाव्या हातावर ती ठिकठिकाणी फुगून उभी राहिली होती, पांढरट, आणि खालची बोटं धड दिसत नव्हती.

मी तशीच दोन्ही हात वर धरून उभी राहिले.

केसाएवढी फट असली तरी तिथूनच माघारी.

मी कव्हरच्या वरून जेली लावत होते. आत काय होतं? आत प्रोब कोरडा आणि रबर कोरडं, आणि त्यांच्यामध्ये हवा. आवाज प्रोबमधून निघत होता आणि रबराच्या आतच मागे फिरत होता. फुगा जिथे असेल तिथे पट्टा. मग सकाळची पहिली बाई स्वच्छ का दिसायची? कारण सकाळी आल्याबरोबर मी प्रोब ओल्या फडक्याने पुसायची आणि त्याच्यावरच कव्हर चढवायची. नंतर दिवसभर कोरड्या कपड्याने. नाईकाने प्रोब बघितला तो उघडा. डॉक्टर स्वतः तयार करत होते ते आधी आत जेली घालूनच करत असणार. त्यांनी नाईकाने दाखवलेलं बघितलं होतं. मी कॅलेंडर बघितलं होतं.

मला हसू आलं. एकटीच मोठ्याने हसले, हातात पिशव्या तशाच. माझा हात वाईट नव्हता. हाताने काम चुकीचं केलं होतं, एवढंच. या दोन्हींत किती अंतर आहे, ते ज्या बाईला कधी डोहाळजेवणातून वगळलेलं नाही तिला कळणार नाही.

सोमवारी मी डॉक्टरांना सांगायचं ठरवून गेले. वाक्य पाठ केलं होतं. "साहेब, मी आतून जेली लावत नव्हते." एवढंच. डॉक्टर आले, मी उठून उभी राहिले, ते आत गेले. जेवणाच्या सुट्टीत फोनवर होते. संध्याकाळी मनीषा समोर होती. मंगळवारही तसाच गेला. रात्री वाटायचं, सांगायला काय जातं. पण सांगायचं म्हणजे ज्या बायका घाबरून घरी गेल्या त्या माझ्यामुळे, हेही सांगायचं. आणि डॉक्टर "का?" म्हणून विचारणार, त्याला उत्तर काय द्यायचं? लाज वाटली म्हणून भिंतीकडे बघत होते?

बुधवारी दुपारी खाडीकाठच्या एका गावातली पोर आली, वनिता. विशीची. बरोबर सासू. दोन महिने चढलेले आणि डावीकडे पोटात कळा. चेहरा पांढरा पडलेला. तिला बाकावर न बसवता मी सरळ आत नेलं आणि टेबलावर झोपवून बाहेर आले.

डॉक्टर तेव्हा दुसऱ्या एका पेशंटच्या सर्जनशी फोनवर बोलत होते. रिसीव्हरवर हात ठेवून म्हणाले, "मनीषा, तो आतला प्रोब तयार कर. मी आलोच."

मनीषाने तयार केला. दाराचा पडदा अर्धा उघडा होता, मला पॅसेजमधून दिसलं. तिने पाकीट फाडलं, कव्हर चढवलं आणि वरून जेली लावली. तिला हे कोणी शिकवलं होतं? मीच. महिनाभरापूर्वी, कधी मी नसले तर म्हणून. तेव्हाही आम्ही दोघी कपाटाकडे तोंड करून उभ्या होतो.

मी स्टुलावरून उठले आणि परत बसले.

डॉक्टर आत गेले. मग त्यांचा आवाज आला, "छे! परत तेच."

सासू माझ्याकडे वळली. "बाय, काय झाला? एवरा वेल का लागतो?"

"बघतायत डॉक्टर, आजी."

"मगापासून बगतानच हान. पोर कलवलतेय आत."

आतून डॉक्टर म्हणत होते, "डावीकडे दुखतंय आणि डावीकडेच काही दिसत नाही. प्रोब गेलाच म्हणायचा. मनीषा, गाडीचं बघायला सांग त्यांना, हिला ठाण्याला पाठवू. तिकडे करून घेतील."

डावीकडची कळ आणि दोन महिने म्हणजे काय असू शकतं, हे सहा वर्षं त्या खोलीत उभं राहून मला कळत होतं. गर्भ कधी कधी गर्भपिशवीत न राहता नळीत अडकतो. नळी फुटली तर आतल्या आत रक्त जातं. ठाण्याला पोचायला, तिथे नंबर लागायला जो वेळ लागणार होता तो तिच्याकडे होता की नव्हता, हे त्या काळ्या पट्ट्याच्या मागे होतं.

मी आत गेले. विचारलं नाही, गेले.

"साहेब, प्रोब गेला नाही."

"शालनबाई, तुम्ही जरा बाहेर—"

"कव्हरमध्ये हवा आहे. जेली वरून लावलीय, आतून नाही लावली. मी पण लावत नव्हते. मीच मनीषाला तसं शिकवलं."

डॉक्टरांनी प्रोब दिव्याकडे धरला. "तुम्ही आतून जेली लावत नव्हता?"

"नाही."

"इतके दिवस?"

"नाही, साहेब. नाईक दाखवत होते तेव्हा मी बघितलं नाही."

"का?"

मनीषाच म्हणाली, "सर, लाजल्या असतील हो. मी पण कुठे बघते."

डॉक्टरांनी प्रोब माझ्या हातात दिला. "करा."

या वेळी मी कपाटाकडे वळले नाही. दिव्याखाली, त्या तिघांच्या समोर, जुनं कव्हर काढलं. प्रोब पुसला. नवीन कव्हरच्या टोकात भरपूर जेली घातली, चढवलं, टोकावरून अंगठा फिरवून बुडबुडे मागे सारले, ताणून धरलं. मग वरून जेली.

पडद्यावर चित्र आलं. पट्टा नव्हता. उजवीकडे गर्भाशय, रिकामं. डावीकडे एक छोटी गोल कडी, आणि तिच्या बाजूला काळं काळं पाणी. पाणी काळं दिसतं, आणि रक्तही.

डॉक्टर एवढंच म्हणाले, "हं." मग मनीषाला म्हणाले, "ठाणं राहू दे. सर्जनना फोन लाव. सांग, पेशंट आत्ता पाठवतोय."

दोन गल्ल्या पलीकडच्या हॉस्पिटलमध्ये संध्याकाळच्या आत तिचं ऑपरेशन झालं. एक नळी काढावी लागली. पोर वाचली.

तिला स्ट्रेचरवरून नेत होते तेव्हा सासू पॅसेजमध्ये दुसऱ्या एका बाईला सांगत होती, "आदी काय नव्हता. ही बाय आत गेली नि मंग बोलले, गर्भ नलीत हाय."

मनीषाने ऐकलं. ती काउंटरमागून उठली. "आजी, त्यांच्यामुळे तुमची सून वाचली."

"सून वाचली, तं पोर कुठं हाय?" सासू म्हणाली आणि स्ट्रेचरच्या मागे निघून गेली.

मनीषा माझ्याकडे बघत होती, मी काही म्हणेन म्हणून. मी जेलीची फडकी गोळा केली आणि भिजत घातली. त्या म्हातारीला स्फटिक आणि हवा आणि नळी काय सांगणार? तिच्या घरचं मूल गेलं होतं, आणि ते जाताना मी तिथे होते.

सेंटर बंद करायच्या वेळी डॉक्टरांनी मला बसायला सांगितलं. मला वाटलं, आता काढतात. त्यांनी रजिस्टर उघडलं.

"नवीन प्रोब आल्यापासून किती जणींना आपण नीट न बघता परत पाठवलं?"

आम्ही एकेक नाव बघत गेलो. ज्या परत येऊन तपासून गेल्या होत्या त्या सोडल्या. अकरा राहिल्या.

"यांना बोलवायला हवं," डॉक्टर म्हणाले. "पैसे घ्यायचे नाहीत." मग जरा थांबून म्हणाले, "तुम्ही कसं तयार करता ते मीही एकदा बघायला हवं होतं. मीही रिपोर्टमध्ये डोकं घालून बसत होतो."

अकरापैकी तिघींकडे फोन होता. त्यांना मनीषाने कळवलं. आठजणींकडे नव्हता.

"शालनबाई, तुम्ही जाल का?"

उभ्या आयुष्यात मी अनोळखी दार वाजवलं नव्हतं. मी हो म्हणाले.

चार संध्याकाळी मी हिंडले. कोपरखैरण्यात चार पत्ते होते, जुईनगरला तीन, ऐरोलीला एक. दार उघडलं की मी म्हणायची, "मी सोनोग्राफी सेंटरमधून आले. तुमची तपासणी नीट झाली नव्हती. चूक माझ्याकडून झाली होती. परत या, पैसे पडणार नाहीत." पहिल्या दाराशी हे सगळं एका दमात बोलले आणि जिना उतरायला लागले. त्या बाईला मला हाक मारून दिवस कोणता ते विचारावं लागलं. दुसरीच्या नवऱ्याने दारातच विचारलं, "आठ दिवस बायको जेवली नाही, त्याचं काय?" मी उभी राहिले. तो बोलून दमला आणि मग म्हणाला, "शनिवारी आणतो." जुईनगरच्या एकीने मला आत बसवून चहा दिला आणि विचारलं, "तुम्हाला मुलं किती?" मी सांगितलं, "नाहीत." ती म्हणाली, "बिस्कीट घ्या ना."

ऐरोलीच्या दाराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, भाडेकरू होते, खोली सोडून गेले. कुठे, ते तिला माहीत नव्हतं. मी तरी एक चिठ्ठी लिहून तिच्याकडे दिली, कधी आले तर म्हणून.

दहाजणी आल्या. दहाही जणींचा प्रोब मी तयार केला. नऊजणींचं सगळं ठीक होतं. एकीला गाठ होती, वेळेत कळली. ऐरोलीची बाई आली नाही. तिचं काय झालं, मुलगा झाला, मुलगी झाली की काहीच नाही, मला आजवर कळलेलं नाही.

मी पुढे बरीच वर्षं तिथेच काम केलं आणि तीन मुलींना हे काम शिकवलं. कव्हरचं पाकीट फाडलं की तिघींनीही मान वळवली. प्रत्येकीला मी तेच सांगितलं: बाई, लाज वाटली तर वाटू दे, पण माझ्या हातांकडे बघ. आणि मग म्हणायची, आता तू कर, आणि मी तुझ्या हातांकडे बघते. नुसतं "समजलं" मी कोणाचंच धरलं नाही.